डीसी लाईनीतून रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जात नाही, मग पडघ्याला ती लागते कशाला?

बर्फवाला_हर्णै

नमस्कार मंडळी. आमचा हर्णैला बर्फाचा कारखाना आहे. बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या कामाच्या विजेवर (किलोवॅट) नाही, तर लाईनीतून ओढलेल्या एकूण विजेवर (केव्हीए). या दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर; तो घसरला की तेवढ्याच बर्फाला जास्त पैसे. अमोनिया कॉम्प्रेसरची ७५ किलोवॅटची मोटर ०.८ पॉवर फॅक्टरवर चालली तर लाईनीवरून जवळपास ९४ केव्हीए ओढते. कॅपॅसिटर पॅनलमधून ४० केव्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) मिळाले की तोच आकडा ७७च्या आत येतो. काम तेवढंच, बर्फ तेवढाच. त्यामुळे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर हा विषय माझ्या चांगलाच जिव्हाळ्याचा आहे.

आता प्रश्न. मुंबई-नाशिक रस्त्यावर पडघ्याजवळ चंद्रपूरहून आलेली डीसी लाईन उतरते. माझा भाचा इलेक्ट्रिकलला आहे. तो म्हणतो, डीसीत रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शून्य. आणि तोच पुढच्या वाक्यात म्हणतो की पडघ्याच्या कन्व्हर्टर स्टेशनात (जिथे डीसीचं पुन्हा एसी होतं) कॅपॅसिटर आणि फिल्टर मांडायला भलीमोठी जागा गेलीये. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि डीसीत ही भानगडच नसेल, तर सगळंच डीसी का करत नाहीत?

कातळशिल्प

डीसीला फ्रिक्वेन्सी नाही. एसीच्या बदलत्या प्रवाहाला लाईन जो अडथळा करते तो रिअ‍ॅक्टन्स. रिअ‍ॅक्टन्स फ्रिक्वेन्सीवर अवलंबून. फ्रिक्वेन्सी शून्य म्हणजे लाईनीचा रिअ‍ॅक्टन्स शून्य, म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरही शून्य. भाच्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं मलाही समजून घ्यायचंय.

पारेषण_निवृत्त

बर्फवालेसाहेब, तुमच्या भाच्याची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. लाईन वेगळी आणि लाईनीच्या दोन टोकांचे कन्व्हर्टर वेगळे, एवढं मनात पक्कं केलं की गुंता सुटतो.

आधी लाईन. चंद्रपूर-पडघे ही ±५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची बायपोल (एक धन, एक ऋण अशा दोन पोलांची) लाईन, लांबी सुमारे ७५० किलोमीटर, १९९९ पासून चालू. एका पोलवर ७५० मेगावॅट, ५०० केव्हीला भागा, १५०० अँपिअर. विदर्भातून निघून सह्याद्री उतरेपर्यंत तिच्यात जे कमी होतं ते मुख्यतः तारेच्या रोधामुळे.

हेच अंतर ४०० केव्हीच्या एसी लाईनीने कापायचं म्हटलं तर? रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला साधारण ०.३३ ओहम, म्हणजे ७५० किलोमीटरला सुमारे २५० ओहम. ढोबळ सूत्राने ४०० गुणिले ४०० भागिले २५०, म्हणजे ६४० मेगावॅट. हा नुसता कागदावरचा कमाल आकडा, दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये ९० अंशांचा कोन पडल्यावरचा. प्रत्यक्षात ३० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, म्हणजे निम्मं. मधे सबस्टेशन आणि सिरीज कॅपॅसिटर न घालता एका सर्किटवरून सव्वातीनशे मेगावॅटसुद्धा मुश्किलीने जातील. शिवाय रात्री लोड उतरलं की हीच लाईन शंभर किलोमीटरला ५५ एमव्हीएआरच्या (एक एमव्हीएआर म्हणजे हजार केव्हीएआर) आसपास स्वतःच तयार करते आणि लांबच्या टोकाचं व्होल्टेज चढतं. मग ते गिळायला शंट रिअ‍ॅक्टर हवेत. डीसीत यातलं काही नाही.

आता कन्व्हर्टर. पडघ्याचे कन्व्हर्टर थायरिस्टरचे, म्हणजे एका प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे आहेत. थायरिस्टर आपण गेटला पल्स देऊ तेव्हा सुरू होतो, पण बंद करणं आपल्या हातात नसतं. प्रवाह शून्यावर आला की तो बंद होतो. म्हणून प्रवाह सुरू व्हायला आपण उशीर करू शकतो, घाई करू शकत नाही. हा उशीर म्हणजे फायरिंग अँगल. एसी बाजूने पाहिलं तर व्होल्टेज पुढे आणि प्रवाह मागे, म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरच्या मोटरसारखाच लॅगिंग लोड. चंद्रपूरला १५ अंश फायरिंग अँगल धरा, आणि एका व्हॉल्व्हकडून (थायरिस्टरच्या संचाकडून) दुसऱ्याकडे प्रवाह जायला लागणारे आणखी २० अंश. पॉवर फॅक्टर निघतो सुमारे ०.८९. म्हणजे प्रत्येक मेगावॅटमागे अर्धा एमव्हीएआर. १५०० मेगावॅटला साडेसातशे.

आणि लोकांना पटायला जड जातं ते पुढचं. पडघ्याचा कन्व्हर्टर ग्रिडला वीज *देतो*, तरीही रिअ‍ॅक्टिव्ह *मागतो*. कारण तिथेही थायरिस्टरच आहेत. प्रवाह मागेच राहतो. मेगावॅट एकीकडून दुसरीकडे जातात, पण एमव्हीएआर दोन्ही टोकांना त्या त्या जागच्या एसी बाजूकडून ओढले जातात. ते लाईनीतून येऊ शकत नाहीत, म्हणून तिथल्या तिथे तयार करायचे. ते अंगण त्यासाठी आहे.

विज्ञानताई_चिपळूण

काका, खूप छान सांगितलंत. मी नववी-दहावीला शिकवते. मुलांना रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर सांगताना मी वाशिष्ठीचं चित्र काढते. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. ते एकाच दिशेने जातं, तो रिअल पॉवर. त्याच खाडीत भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. दिवसाचा हिशेब मांडला तर शून्य, पण खाडीचं मुख मात्र त्या पाण्यालाही पुरेल एवढं लागतं. हे चित्र शास्त्राला धरून आहे ना?

पारेषण_निवृत्त

ताई, धरून आहे, खुशाल शिकवा. फक्त दोन गोष्टी जोडा. एक, ही ये-जा सेकंदाला १०० वेळा होते, ५० हर्ट्झच्या दुप्पट. दुसरी, समुद्राची भरती आपल्याला हलवता येत नाही, पण मोटरच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी ही ऊर्जा शेजारीच कॅपॅसिटर बसवून त्याच्या आणि मोटरच्या दरम्यान फिरवता येते. मग वरच्या लाईनीला तिचा भार नाही. बर्फवाल्यांचं पॅनल हेच करतं आणि पडघ्याचं अंगणही हेच करतं.

कातळशिल्प

मग फिल्टर का म्हणतात? नुसते कॅपॅसिटर का नाहीत?

रिले_टेस्टर

दोन्ही कामं एकाच सामानात होतात म्हणून. बारा-पल्स कन्व्हर्टर एसी बाजूला ११वा, १३वा, २३वा, २५वा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतला नको असलेला प्रवाह) सोडतो. ११वा म्हणजे ५५० हर्ट्झ, १३वा म्हणजे ६५०. कॅपॅसिटर आणि कॉइल अशी जुळवतात की त्या फ्रिक्वेन्सीला ती जवळपास शॉर्ट होते आणि हार्मोनिक तिथेच जिरतो. पण ५० हर्ट्झला तोच फिल्टर कॅपॅसिटरसारखा वागतो आणि एमव्हीएआर देतो. पुरवठा कमी पडला तर साधे शंट कॅपॅसिटर जोडतात.

मी टेस्टिंगवाला, त्यामुळे मला यातली अवघड बाजू सांगावीशी वाटते. सगळं सुरळीत चालू असताना हा हिशेब सोपा आहे. ट्रिप झाल्यावर तो फिरतो.

समजा बायपोल पूर्ण १५०० मेगावॅटवर आहे. कन्व्हर्टर साडेसातशे एमव्हीएआर ओढतोय, फिल्टर तेवढेच देतायत, ग्रिडला त्रास नाही. आता काही कारणाने दोन्ही पोल ब्लॉक झाले. मेगावॅट गेले, ते सगळ्यांना दिसतं. पण त्याच क्षणी साडेसातशे एमव्हीएआरचं गिऱ्हाईकही गेलं आणि फिल्टर मात्र तसेच जोडलेले. ते सगळं ग्रिडमध्ये घुसतं आणि व्होल्टेज उसळतं. किती? ढोबळ नियम सोपा आहे: जादा एमव्हीएआर भागिले त्या जागची शॉर्ट सर्किट क्षमता (म्हणजे तिथलं ग्रिड किती तगडं). क्षमता १५,००० एमव्हीए असेल तर ५ टक्के. ५,००० असेल तर १५ टक्के. ३,००० असेल तर २५ टक्के, म्हणजे ४०० केव्हीचं थेट ५००. ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतात, अरेस्टर (जादा व्होल्टेज जिरवणारी उपकरणं) तापतात, शेजारच्या लाईनी ओव्हरव्होल्टेजवर सुटू लागतात. म्हणून कंट्रोल सिस्टीम फिल्टरचे ब्रेकर लगेच क्रमाने उघडते. हा क्रम, किती सायकलनंतर कोणता, यावर महिनोन्महिने अभ्यास झालेला असतो. माझ्या मते थायरिस्टर एचव्हीडीसीचं (उच्चदाबाच्या डीसीचं) खरं इंजिनिअरिंग व्हॉल्व्हपेक्षाही इथे आहे.

उलट बाजूही आहे. इन्व्हर्टरच्या (डीसीचं एसी करणाऱ्या) टोकाजवळ एसी लाईनीवर फॉल्ट झाला आणि व्होल्टेज खाली आलं, तर एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे प्रवाह वेळेत जात नाही. याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. क्षणभर डीसी बाजू शॉर्ट होते, पोहोचणारे मेगावॅट जवळपास शून्य होतात. फॉल्ट हटला की सावरतं, पण सावरताना कन्व्हर्टर नेहमीपेक्षा जास्त रिअ‍ॅक्टिव्ह मागतो, आणि तेही व्होल्टेज आधीच खाली असताना. ग्रिड तगडं असेल तर निभावतं. पडघ्याला ४०० केव्हीचं जाळं आहे म्हणून निभावतं. हाच कन्व्हर्टर एखाद्या लांब, एकट्या लाईनीच्या टोकाला नेऊन बसवला तर नाही निभावणार.

बर्फवालेसाहेबांच्या "सगळंच डीसी का नाही" याचं अर्धं उत्तर हेच. दुसरं अर्धं म्हणजे खर्च: दोन टोकांची कन्व्हर्टर स्टेशनं इतकी महाग की अंतर काही शे किलोमीटर असल्याशिवाय परवडत नाही, आणि वाटेत गावोगाव टॅप काढून वीज देता येत नाही.

मालवणचो_दर्यावर्दी

माका एक सांगा. जमनीवरचा सगळा समाजला. पण दर्यातसून केबल टाकूची झाली तर? थय तर अंतर थोडा असला तरी डीसीच वापरतत असा वाचललय. ता कशाक?

पारेषण_निवृत्त

बरोबर वाचलंत, आणि कारण पुन्हा रिअ‍ॅक्टिव्हच आहे, फक्त उलट चिन्हाचं. केबलमध्ये तांब्याची तार आणि बाहेरचं आवरण यांच्यात अगदी थोडं इन्सुलेशन असतं, म्हणून तिचं कपॅसिटन्स ओव्हरहेड लाईनीच्या कितीतरी पट. २२० केव्हीची एसी केबल घ्या, किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड. हिशेब केला तर किलोमीटरला सुमारे ३ एमव्हीएआर. शंभर किलोमीटरची केबल ३०० एमव्हीएआर नुसतं चार्ज होण्यात खाते. म्हणजे केबलची जवळपास सगळी ताकद स्वतःलाच भरण्यात जाते, गिऱ्हाइकासाठी काही उरत नाही. जमिनीवर मधे मधे रिअ‍ॅक्टर बसवता येतात, समुद्राच्या तळाशी कुठे बसवणार?

डीसी केबल एकदा चार्ज झाली की झाली. म्हणूनच जगातली पहिली व्यापारी एचव्हीडीसी समुद्रातच झाली: १९५४, स्वीडनचा किनारा ते गोटलँड बेट, १०० केव्ही, २० मेगावॅट, सुमारे ९८ किलोमीटर. तेव्हा थायरिस्टर नव्हते, पाऱ्याचे व्हॉल्व्ह होते.

वाडा_कुडूस

मी वाडा तालुक्यातला, कुडूसजवळचा. आमच्याकडून मुंबईत आरेला डीसी जाते ती पण चंद्रपूरवाल्यासारखीच का? ऐंशीच किलोमीटर आहे. रिले_टेस्टर म्हणतात तसं काही शे किलोमीटरशिवाय परवडत नाही, मग इथे का? आणि मुंबईकडे बराच भाग जमिनीखालून. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले तेव्हा आम्हाला हेच सांगितलं की जमिनीखालून नेणं सोपं नाही.

रिले_टेस्टर

कुडूस-आरे वेगळ्या जातीची आहे. ±३२० केव्ही, १००० मेगावॅट, ८० किलोमीटरपैकी सुमारे ५० केबल. अंतर कमी असूनही डीसी, कारण मुंबईत टॉवरला जागा नाही. आणि ५० किलोमीटर उच्चदाबाची एसी केबल म्हणजे वर काकांनी सांगितलेला चार्जिंगचा हिशेब.

पण मुख्य फरक कन्व्हर्टरचा. तिथे थायरिस्टर नाहीत, आयजीबीटी आहेत, जे सुरूही करता येतात आणि बंदही. याला व्हीएससी म्हणतात. हा कन्व्हर्टर स्वतःचं एसी व्होल्टेज घडवतो. त्या व्होल्टेजचा *कोन* ग्रिडच्या पुढे ठेवला की मेगावॅट ग्रिडमध्ये जातात, मागे ठेवला की ग्रिडमधून येतात. व्होल्टेजची *उंची* ग्रिडपेक्षा जास्त ठेवली की एमव्हीएआर दिले जातात, कमी ठेवली की घेतले जातात. दोन्ही एकमेकांपासून मोकळे. मर्यादा एकच, दोन्ही मिळून एमव्हीए क्षमतेच्या बाहेर जायचं नाही. समजा कन्व्हर्टर १००० एमव्हीएचा आहे आणि ८०० मेगावॅट चाललेत, तर ६०० एमव्हीएआरपर्यंत जागा आहे, द्यायलाही आणि घ्यायलाही.

डीसी लाईन बंद असली तरी प्रत्येक टोकाचा कन्व्हर्टर एकटा उभा राहून व्होल्टेज सांभाळू शकतो. कम्युटेशन फेल्युअर हा प्रकार नाही. पलीकडे ग्रिड मेलेलं असलं तरी तो शून्यातून व्होल्टेज उभं करू शकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा शहराच्या पोटात असा कन्व्हर्टर असण्याला किंमत आहे. फिल्टरचं मोठं अंगणही लागत नाही, आणि आरेमध्ये जागेचा प्रश्न केवढा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

दिशा बदलण्याचंही तसंच. थायरिस्टरवाल्यात प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून वीज उलटी न्यायची तर व्होल्टेजची पोलॅरिटी फिरवावी लागते. व्हीएससीत पोलॅरिटी तीच, प्रवाह उलटा. प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलला ते मानवतं.

भारतात पहिली व्हीएससी केरळला गेली, पुगलूर-त्रिशूर, २०२१, ±३२० केव्ही, २००० मेगावॅट.

पारेषण_निवृत्त

वाडेकर, तुमच्या खांबांबद्दल. तुम्हाला सांगितलेलं कारण उच्चदाबाला लागू आहे, गावातल्या ११ केव्हीला नाही. चार्जिंग व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं. ११ केव्हीच्या केबलला किलोमीटरला दहा-बारा *किलो*व्हीएआर, म्हणजे काहीच नाही. तिथे अडचण पैशाची आणि कातळ फोडण्याची आहे, विजेच्या शास्त्राची नाही. किनारपट्टीच्या गावांनी हा फरक ओळखून मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

मालवणचो_दर्यावर्दी

आनी खारो वारो? आमच्याकडे पयल्या पावसाच्या आधी इन्सुलेटर रातचे चरचरतत.

रिले_टेस्टर

चांगला मुद्दा. मार्च ते मे मिठाचा थर बसतो, कोरडा असेपर्यंत गप्प असतो. दव किंवा पहिली भुरभुर आली की थर ओला होतो, त्यातून प्रवाह पाझरतो, तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज. धो धो पाऊस आला की धुऊन जातं. डीसीत हे जास्त अवघड आहे, कारण क्षेत्राची दिशा बदलत नाही आणि धूळ-मीठ सतत खेचलं जातं. म्हणून डीसीचे इन्सुलेटर त्याच व्होल्टेजच्या एसीपेक्षा लांब, जास्त घड्यांचे घ्यावे लागतात. अगदी किनाऱ्यावर डीसीची उघडी लाईन नेणं टाळतात ते उगाच नाही.

बर्फवाला_हर्णै

सगळ्यांचे मनापासून आभार, भाच्याला धागा पाठवलाय. आता माझ्या कामाचं. पडघ्याला किंवा आरेला एवढे एमव्हीएआर तयार होतात, त्यातले आमच्या हर्णैच्या फीडरला का मिळत नाहीत? संध्याकाळी व्होल्टेज असं पडतं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. आणि छतावर ५० किलोवॅट सोलार घ्यायचा विचार आहे, त्याने फरक पडेल का?

पारेषण_निवृत्त

एमव्हीएआर दूर जात नाहीत. लाईनीतून ते ढकलायचे तर दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पाडावा लागतो, आणि वाटेत लाईन स्वतःच ते गिळते. पडघ्याचं पडघ्यात, आरेचं आरेत. तुमच्यासाठी तुमच्याच फीडरवर कॅपॅसिटर हवा. तोही पूर्ण औषध नाही: ११ केव्हीच्या बारीक तारेत रोध आणि रिअ‍ॅक्टन्स जवळपास सारखे असतात, म्हणून तिथे किलोवॅटनेही व्होल्टेज पडतं. जाड तार किंवा सबस्टेशन जवळ आणणं, याला पर्याय नाही. आणि संध्याकाळी सोलार नसतोच.

रिले_टेस्टर

सोलारबद्दल एक सावधगिरी, कारण यात बरेच कारखानदार अडकलेत. आज तुमच्या मोटरचे ७५ किलोवॅट आणि कॅपॅसिटरनंतर उरलेले १६ केव्हीएआर, पॉवर फॅक्टर ०.९८. सोलारने दुपारी ५० किलोवॅट दिले की मीटरवर उरले २५ किलोवॅट, पण १६ केव्हीएआर तसेच. केव्हीए झाले जवळपास ३०, पॉवर फॅक्टर ०.८४. मोटर तीच, कॅपॅसिटर तेच, तरी आकडा घसरला.

उपाय दोन. कॅपॅसिटर पॅनलच्या रिलेची सीटी (प्रवाह मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) सोलारच्या जोडणीच्या वर, म्हणजे मीटरच्या बाजूला घ्या. खाली राहिली तर रिलेला ७५ किलोवॅटच दिसतात आणि तो समजतो सगळं ठीक. सोबत कॅपॅसिटरच्या पायऱ्या लहान करून घ्या, ५ केव्हीएआरच्या चालतील. मोठी पायरी लागून लीडकडे (गरजेपेक्षा जास्त केव्हीएआरकडे) गेलं तरी केव्हीए वाढतोच. दुसरा उपाय, सोलारच्या इन्व्हर्टरलाच थोडे केव्हीएआर द्यायला लावा. त्यात आयजीबीटीच आहेत, आरेच्या कन्व्हर्टरचं तत्त्व इथेही चालतं. ६० केव्हीएचा इन्व्हर्टर घेतलात तर ५० किलोवॅट चालू असताना ३३ केव्हीएआरपर्यंत जागा उरते. हे सेटिंग बसवणाऱ्याकडून लेखी ठरवून घ्या, आणि फीडर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी.